पंधरा घमेल्यांचे अंतर

साखळीच्या तळाशी उभा राहून जो माणूस घमेली मोजतो, त्याला दोन आकडे एकाच वेळी सांभाळावे लागतात. एक त्याच्या मुखातून बाहेर पडतो. दुसरा वरून, तिसऱ्या मजल्यावरून, त्याच्याकडे परत येतो. खालून "वीस" अशी हाक गेली की वरून "पाच" असे उत्तर यावे. खालून "एकवीस", तर वरून "सहा". मधल्या परांचीवर, बांबू आणि फळ्यांच्या त्या चढत्या मांडवात, पंधरा माणसे उभी असतात. त्यांच्या हातांत पंधरा घमेली असतात, आणि म्हणून दोन आकड्यांमधले अंतरही पंधराच राहते. ते वाढले की कोणाच्या तरी हातांत माल अडखळला असे समजावे.

हे काम एकतीस वर्षे करणाऱ्या त्या गृहस्थाला सारी टोळी 'पाढे' म्हणे. हे त्याचे आडनाव नव्हते. तो मोजताना कोणी पाढे म्हणत आहे असेच ऐकणाऱ्याला वाटे, एवढेच त्या नावाचे मूळ. त्याचा स्वर मोठा नव्हता. परंतु तो संथ, भरीव आणि इतका नेमका होता, की त्या स्वरावर पंधरा माणसांचे हात आपोआप उचलले जात आणि आपोआप रिकामे होत. साखळीत कोणी विचार करून काम करत नसे. आकडा कानी पडला की हात पुढे, आकडा संपला की हात मोकळे.

अशा मनुष्याचे चित्त त्या दिवशी सकाळपासून थाऱ्यावर नव्हते. त्याने तीनदा पागोट्याचे फडके सोडून पुन्हा बांधले. पाण्याचे पिंप भरले आहे की नाही हे दोनदा पाहिले. मिक्सर सुरू होण्यापूर्वी तो परांचीच्या पायथ्याशी येरझारा घालत राहिला. शेवटी त्याची पत्नी, जिला सारी टोळी 'वहिनी' म्हणे, ती चुंबळ डोक्यावर ठेवता ठेवता म्हणाली, "अहो, फेऱ्या मारून मारून तुम्हीच दमाल. उभे राहा की एका जागी!"

"रेती उशिरा आली. आठ वाजून गेले."

"रेतीचं कारण सांगू नका मला. तुमचं काय बिनसलंय ते मला माहीत आहे. ते वर उभं आहे."

वर उभा होता तो त्याचा धाकटा भाऊ.

गल्ली इतकी अरुंद होती की काँक्रीट उपसणारी मोठी गाडी आत वळत नसे. म्हणून मिक्सर गल्लीच्या तोंडाशी लावून माल माणसांच्या हातांनीच वर न्यावा लागे. मिक्सरच्या एका घाण्यात बरोबर छत्तीस घमेली निघत. छत्तीस झाली की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होई. साखळीच्या माथ्यावर जो उभा राहतो, त्याने घमेले रिते करायचे आणि आकड्याला आकडा द्यायचा. हे स्थान गेली बारा वर्षे धाकट्याकडे होते. टोळीत त्याचे नाव 'गमत्या', आणि ते त्याने कष्टाने कमावले होते. प्रत्येक घाण्याचा शेवटचा आकडा तो कधी साधा म्हणत नसे. ज्यांचे एकमेकांशी पटत नाही त्यांच्यात छत्तीसचा आकडा आहे असे आपण म्हणतो; तीन आणि सहा हे दोन अंक पाठीला पाठ लावून बसलेले असतात ना, म्हणून. गमत्या मात्र दर छत्तिसाव्या घमेल्याला एक नवी जोडी शोधून काढी. "सासू-सून!" असे तो वरून ओरडे. पुढच्या घाण्याला "मांजर-उंदीर!" त्यापुढच्याला "मुकादम आणि दया!" मग खालपासून वरपर्यंत पंधरा घमेली हसता हसता हिंदकळत, आणि थकलेले खांदे क्षणभर हलके होत.

आज मात्र पहिल्या घाण्याला वरून नुसते "छत्तीस" आले. दुसऱ्याला "छत्तीस". तिसऱ्यालाही तेच. टोळी खट्टू झाली. परांचीच्या मधल्या पायरीवरची एक बाई म्हणाली, "आज कोणी मेलं की काय?" त्यावर वहिनी उत्तरली, "मेलं नाही कोणी. दोन भावांनी तोंडं शिवून घेतली आहेत."

तंटा तीन दिवसांपूर्वीचा. गेली काही वर्षे उन्हाळा आपली मर्यादा विसरला होता. पूर्वी तो येई, आपल्या वाट्याचे दिवस तापे आणि निघून जाई. आता तो आगाऊ येत होता, रेंगाळत होता, आणि सूर्य मावळल्यावरही जागा सोडत नव्हता. त्या तिघांच्या पत्र्याच्या खोलीत पहाटेसुद्धा भिंतीला हात लावला तर ती एखाद्या तापाने फणफणलेल्या जनावराच्या पाठीसारखी लागे. गमत्या ओली चादर जमिनीवर पसरून तिच्यावर निजे. तासाभरात चादर वाळे, आणि तो उठून ती पुन्हा भिजवी. अशा झोपेनंतर एका सकाळी डबे भरले जात असताना तो म्हणाला होता,

"दादा, मुकादमाशी बोल. स्लॅब पहाटे सुरू करू आणि अकराच्या आत थांबू. उरलेला दुसऱ्या दिवशी."

"आणि सांधा?"

"पडला सांधा तर पडला."

पाढ्याने हातातला डबा खाली ठेवला. जो स्लॅब एका दमात भरला जातो तो एकसंध होतो. मध्ये खंड पडला तर आधीचा माल आवळून बसतो, नवा त्याला मनापासून धरत नाही, आणि छताच्या पोटावर एक रेघ कायमची उरते. गवंडी तिला सांधा म्हणतात. एकतीस वर्षांत पाढ्याच्या मोजणीत असा सांधा एकदाही पडला नव्हता. त्याच्यापाशी अभिमान बाळगावा असे दुसरे फारसे काही नव्हतेही.

"बाबांच्या वेळेला काय ऊन नव्हतं?" तो म्हणाला.

"बाबांचं ऊन वेगळं होतं, दादा."

"ऊन ते ऊन. माणसं मऊ झाली आहेत."

गमत्याने डबा उचलला आणि तो बाहेर पडला. बारा वर्षे तापलेल्या सळयांवर उभ्या राहणाऱ्या त्या मनुष्याला 'मऊ' हा शब्द कसा लागला असेल, हे शब्द निसटल्याक्षणी पाढ्याला कळले. पण थोरल्या भावाच्या जिभेला मागे वळण्याची सवय नसते. त्या दिवसापासून घरातली सारी बोलणी वहिनीमार्फत होऊ लागली. "वहिनी, दादाला सांग, मीठ संपलंय." "अगं, त्याला विचार, किल्ली कुठे ठेवली." शेवटी ती कावली. "मी काय टपालखातं उघडलंय का? चार हातांवर बसलाय दोघं!" दोघेही मान खाली घालून जेवत राहिले.

आज स्लॅबचा दिवस. आज त्यांना बोलणे भाग होते. परंतु केवळ आकड्यांत. पाढे खालून "अकरा" म्हणे, आणि जरा वेळाने तोच अकरा वरून भावाच्या स्वरात परत येई. तीन दिवसांच्या मौनानंतर तेवढेही त्याला पुरे वाटत होते. त्या आकड्यांच्या कडा चाचपून भावाचा राग किती उतरला आहे, याचा तो अंदाज घेत होता.

दहा वाजता मुकादम छत्री घेऊन आला. अंगाने स्थूल, बोलण्यात गोड आणि घाईत कडू असा तो गृहस्थ. त्याने वर पाहिले, घड्याळ पाहिले आणि म्हणाला, "पाढे, हात उचला. माल लगेच आवळतोय. या उन्हात अर्ध्या तासात दगड होईल."

"दोन माणसं कमी आहेत, मुकादम. वरच्याला बदली नाही."

पूर्वी माथ्यावरच्या माणसाला तासातासाने थोडा वेळ बदली मिळत असे. आज दोघे आलेच नव्हते. एकाला आदल्या दिवशी कामावरच ओकाऱ्या झाल्या होत्या. दुसऱ्याच्या बायकोने निरोप धाडला होता, की हे उभे राहतात आणि बसतात, उभे राहतात आणि बसतात, कसे पाठवू?

"बदली नाही तर नाही," मुकादम म्हणाला. "तुमचा भाऊ काय आजचा आहे? बारा वर्षांचा पक्का गडी. सांधा पडला ना, तर मालक मला उभा चिरेल. तुम्हीच सांगा, तुमच्या मोजणीत कधी पडलाय?"

"नाही पडला."

"मग!"

पाढ्याने लय किंचित चढवली. साखळीने ती निमूट उचलली. वर सळयांची जाळी इतकी तापली होती की गवंड्याने गुडघ्याखाली फळी घेतली होती. गमत्याच्या बुटांचे तळवे मऊ होऊन सळयांना चिकटत होते. खालच्या पिंपातले पाणी तांब्यातांब्याने वर जाई, पण साखळीच्या वाटेने पाणी चढवायचे तर एक घमेले थांबवावे लागे. त्यामुळे ते क्वचितच चढत होते. साडेअकराच्या सुमारास पाढ्याने मान वर करून पाहिले. उन्हाच्या पांढऱ्या पडद्यापलीकडे भावाची नुसती आकृती दिसली, हात पुढे केलेली. त्याला वाटले, हाक मारावी. काय म्हणून मारावी ते सुचेना. त्याने फडके सोडले, पुन्हा बांधले आणि म्हटले, "चौदा."

वरून "पस्तीस" आले. हा मागच्या घाण्याचा पस्तिसावा. नवा घाणा खाली सुरू होऊन चौदा घमेली चढली होती. अंतर बरोबर होते.

"पंधरा."

आणि वरून, स्वच्छ स्वरात, उत्तर आले: "त्रेसष्ट!"

क्षणभर साखळी गोंधळली. मग मधल्या पायरीवरची बाई फिस्सकन हसली, आणि तिच्या हसण्याची ठिणगी वरखाली धावली. छत्तीसच्या जागी त्रेसष्ट! पाठ फिरवून बसलेले तीन आणि सहा उठले, वळले आणि तोंडासमोर तोंड करून बसले. तीन दिवस रुसलेल्या भावाने भर साखळीत, सर्वांच्या देखत, थोरल्याला दिलेली ती दिलजमाईच होती. "आज खरा बोलला गडी!" कोणीतरी ओरडले. वहिनी चौथ्या पायरीवरून खाली वाकली. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि ओठांवर हसू. "जुळलं हो! जुळलं एकदाचं!"

पाढ्याच्या छातीवरची शिळा सरकली. बोलायचे तर आकडाच बोलावा लागणार होता. त्याने तो असा म्हटला की जणू भावाच्या पाठीवर हात ठेवत आहे. "सोळा!" आणि आनंदाच्या भरात, स्वतःच्याही नकळत, त्याने लय आणखी चढवली.

वरून "एक" आले. मग "दोन". मग "तीन". आकडे बरोबर होते. परंतु त्यांच्यात हसू नव्हते. गमत्या एखादी गंमत केल्यानंतर पुढचे चारपाच आकडे गालातल्या गालात बोलतो, हे पाढ्याला ठाऊक होते. हे आकडे सपाट होते, घासून झिजलेल्या पायरीसारखे. खाली घाणा संपला, छत्तीस झाले, पुन्हा एक सुरू झाला. वरून बावीस आले, तेवीस आले. पाढ्याच्या मनातली अस्वस्थता, जी क्षणापूर्वी निघून गेली होती, ती पाऊल न वाजवता परत येऊन बसली.

"सात."

"अठ्ठावीस."

"आठ."

"एकोणचाळीस."

पुन्हा हशा पिकला. "आज काय सुटलाय हा!" पण पाढ्याच्या अंगावर, त्या आगीतही, शहारा आला.

हा विनोद नव्हता. ही चूक त्याच्या ओळखीची होती. सदतीस वर्षांपूर्वी, अर्धवट बांधलेल्या एका भिंतीसमोर बसवून, तिच्या विटांवर बोट ठेवत त्यानेच या भावाला आकडे शिकवले होते. पोर हुशार होते. पण सत्तावीस, अठ्ठावीस इथवर येऊन ते नेमके घसरे आणि म्हणे, एकोणचाळीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, ही सारी नावे त्याला एकाच चेहऱ्याची भावंडे वाटत. किती वेळा टपली मारून त्याला मागे आणावे लागले होते! सहाव्या वर्षी ती चूक सुटली, आणि त्यानंतर आजपर्यंत ती कधी परत आली नव्हती. तिसऱ्या मजल्यावर जो मोजत होता, तो चाळिशी ओलांडलेला गडी नव्हता. पाच वर्षांचे, भांबावलेले पोर मोजत होते. त्रेसष्ट म्हणजे दिलजमाई नव्हती. तेव्हाच त्याच्या डोक्यातले अंक उलटेपालटे झाले होते. आणि आपण हसलो. आपण लय वाढवली.

"थांबा!" पाढे ओरडला.

कोणी थांबले नाही. एकतीस वर्षांत हा शब्द त्या साखळीत उच्चारला गेला नव्हता. हातांना तो माहीतच नव्हता. घमेली चढत राहिली. एकाने तर त्याच लयीत "थांबा" असे वर सरकवले, जणू तो नवा आकडा असावा.

तेव्हा पाढ्याने तोंड मिटले.

त्याने फक्त मोजणे सोडले. एक ठोका गेला, दुसरा गेला. पंधरा जोडी हात पुढे आले आणि तसेच राहिले. घमेली जिथे होती तिथे थबकली. माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मिक्सरची घरघर एकाएकी कितीतरी मोठी वाटू लागली. पाढे तोवर परांचीच्या चौथ्या पायरीवर होता.

"पाढे!" छत्रीखालून मुकादम किंचाळला. "घाणा अर्ध्यावर आहे! सांधा पडेल, पाढे!"

पाढ्याने मागे वळून पाहिले नाही.

गमत्या सळयांवर ताठ उभा होता. दोन्ही हात पुढे, न आलेल्या घमेल्याच्या आकाराचे. चेहरा तांबडालाल, आणि कोरडा. कपाळावर, मानेवर, दंडांवर घामाचा एक थेंब नव्हता. सकाळचा घाम मिठाची पांढरी नक्षी होऊन सदऱ्यावर वाळला होता. पाढ्याने त्याच्या कपाळाला तळवा लावला. मिक्सरच्या पिंपाला चुकून हात लागावा तसा तो मागे आला.

"दादा," गमत्या म्हणाला. तीन दिवसांतले ते पहिले शब्द. "मला पुढचं येत नाही."

मग त्याचे गुडघे गेले.

चौघांनी त्याला उचलून दुसऱ्या मजल्यावर, स्लॅबच्या फळ्यांखालच्या सावलीत आणले. तिथे नुकतेच भरलेले आठ खांब उभे होते. ऊन लागून त्यांना तडे जाऊ नयेत म्हणून प्रत्येक खांबाला ओली गोणपाटे गुंडाळून सुतळीने बांधलेली होती, आणि दर दोन तासांनी कोणीतरी त्यांच्यावर पाणी मारत असे. वहिनीने एकदा दिराकडे पाहिले, एकदा खांबांकडे, आणि दातांनी सुतळी तोडायला सुरुवात केली.

मुकादम धापा टाकत वर पोहोचला होता. "अहो बाई, खांबांची गोणपाटं आहेत ती!"

"खांबाला चक्कर येत नाही, मुकादम," ती सुतळी थुंकून म्हणाली. "बादली द्या इकडे."

मुकादमाने बादली दिली. मग त्यानेच छत्री मिटली, एक मोकळी फळी उचलली आणि तिने वारा घालू लागला. आणि रेतीचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशी आणायला माणूसही त्यानेच पिटाळला.

*

रुग्णालयात त्याच्या काखांत आणि मानेखाली बर्फ ठेवला, हाताला सलाईन लावले. डॉक्टर म्हणाल्या की आणले तेव्हा ताप एकशे सहा होता. तो उतरतो आहे, पण डोक्याला किती झळ लागली ते आज सांगता येत नाही. "जागे होतील. जागे झाल्यावर बघू, काय काय आठवतं."

"म्हणजे?" वहिनीने विचारले.

"म्हणजे उद्या बघू."

संध्याकाळी मुकादम दाराशी आला. त्याने आधी रुग्णाची चौकशी केली, आणि ती मनापासून केली. मग खांद्यावरचा रुमाल चाचपत म्हणाला, "उरलेला अर्धा स्लॅब उघडा आहे, पाढे. सांधा तर पडलाच. आता निदान उद्या तो भरून घ्यायला हवा."

"घेऊ," पाढे म्हणाला. "पहाटे पाचला सुरू करू. अकरा वाजता माझा घसा बसेल."

"घसा? तुमचा? एकतीस वर्षांत कधी बसला नाही."

"आजपासून बसायला लागलाय."

मुकादमाने त्याच्याकडे रोखून पाहिले. "दुसरा मोजणारा आणता येतो मला."

ते खरे होते, हे पाढ्याला ठाऊक होते. उत्तर वहिनीने दिले. "आणा की. पण कान आमचे आहेत. ते कोणाचं ऐकतील ते आम्ही काय सांगावं?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता मिक्सर सुरू झाला. माथ्यावर वहिनी उभी राहिली. तिनेच ते मागून घेतले. तिसऱ्या मजल्यावरून प्रथमच स्त्रीचा स्वर उतरू लागला, आणि पाढ्याला खाली उभे राहणे असह्य झाले. काल तो आकडे ऐकत होता. आज तो त्यांच्यामागचा श्वास ऐकत होता. दर आठ घाण्यांनी त्याने साखळी थांबवली आणि पाणी वर पाठवले. हात थांबवण्यासाठी काय करायचे ते आता त्याला कळले होते. सहा वाजता हवा अजून सोसवण्याजोगी होती. साडेसातला सळयांवर हात ठेवता येईना. नऊ वाजता असे ऊन पडले, की जे पूर्वी भर दुपारीही पडत नसे. आणि पाढ्याच्या मनात आले, की अकरा हा आकडासुद्धा आपण जुन्याच उन्हाकडून उसना घेतला आहे.

पावणेदहाला खालून "एकोणीस" गेले. वरून "चार" आले. बरोबर आले, पण अर्धा ठोका उशिरा.

पाढ्याने तोंड मिटले. हात थांबले.

मुकादम घड्याळ पुढे करत धावला. "अहो, अकरा कुठे वाजलेत? पाचच घाणे राहिलेत!"

पाढ्याने गळ्याकडे बोट दाखवले.

"ठरलं होतं अकरा!"

"घड्याळाला ऊन लागत नाही, मुकादम," पाढे म्हणाला. बसलेल्या घशाच्या मानाने त्याचा स्वर अगदी स्वच्छ होता. वरून वहिनी फळी धरून सावकाश उतरत होती. ती खाली पोहोचेपर्यंत त्याने तिच्यावरून डोळे काढले नाहीत. "उरलेलं संध्याकाळी उतरत्या उन्हात. एक काय, दोन सांधे पडू देत."

मुकादम काहीतरी बोलणार होता. पण पंधराही माणसे आधीच सावलीत जाऊन बसली होती, आणि रिकाम्या परांचीशी बोलण्यात अर्थ नव्हता. त्यानेही शेवटी पिंपातून तांब्या भरून घेतला.

*

पाढे आणि वहिनी सिमेंटच्या हातांनीच रुग्णालयात पोहोचले. गमत्या उशीला टेकून बसला होता. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले. वहिनीने आल्या आल्या त्याला कालची सारी हकीकत सांगितली. मग डॉक्टर खाटेपाशी आल्या.

"नाव सांगितलं. भावाला ओळखलं. आता मोजायला सांगते," त्या म्हणाल्या. "एकपासून म्हणा बघू."

गमत्या मोजू लागला. पाढे खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. लोखंडी दांडी त्याने दोन्ही हातांनी धरली होती. दहा झाले, पंधरा झाले. वीस झाले. स्वर क्षीण होता, पण पायऱ्या चढाव्यात तसा एकेक आकडा चढत होता. पंचवीस. सव्वीस. सत्तावीस.

"अठ्ठावीस," गमत्या म्हणाला आणि थांबला.

वहिनीने पदराचे टोक मुठीत घेतले. पाढ्याला पुढचा आकडा ओठांवर आला होता. तो सांगण्याचा अधिकार आपला नाही म्हणून त्याने तो दातांखाली दाबून धरला. खोलीतला पंखा करकरत फिरत होता.

"एकोणतीस."

पाढ्याच्या हातांतली दांडी खडखडली.

"तीस, एकतीस, बत्तीस..." पस्तीस म्हणून गमत्या पुन्हा थांबला, पण हे थांबणे निराळे होते. त्याने भावाकडे पाहिले. "दादा, वहिनी म्हणते की मी काल त्रेसष्ट म्हणालो."

"म्हणालास."

"मला काही आठवत नाही रे." तो ओशाळला. "खरं सांगू? मी अजून रागातच होतो."

"पुढे म्हणा," डॉक्टर म्हणाल्या. "पस्तीसनंतर?"

गमत्याने डोळ्यांनीच भावाला खूण केली. बारा वर्षे हा आकडा त्याचा होता. आज त्याने तो भावासाठी सोडला होता. पाढे एक पाऊल पुढे आला. त्या गृहस्थाने आयुष्यात कोणाची क्षमा मागितली नव्हती, आणि ती कोणत्या शब्दांत मागतात हे त्याला ठाऊक नव्हते. त्याला फक्त आकडे ठाऊक होते.

"त्रेसष्ट," तो म्हणाला.

वहिनीने तोंडाला पदर लावला. गमत्याचे फुटलेले ओठ हसण्यासाठी ताणले गेले, तसा तो "आई गं" म्हणाला आणि तरीही हसत राहिला. डॉक्टरांनी मात्र चमकून पाढ्याकडे पाहिले. सिमेंटने माखलेला, डोळे लाल झालेला, उन्हातून थेट आलेला हा दुसरा भाऊ.

"यांनाही ऊन लागलंय का?" त्या म्हणाल्या, आणि झटकन पुढे होऊन त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावला.

हात घामाने ओला झाला.